बिनखाजेची भेंडी

मी ज्यांच्या घरी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो त्या काकाजींना भेंडीची भाजी मुळीच आवडत नसे. ‘चिकट राह्यते,’ एवढंच म्हणायचे आणि ताटात आलीच तर बोटानं कडेला सारायचे. आणि याच माणसानं आयुष्यातली सगळी उमेद भेंडी सुधारण्यात घातली. आवडीच्या गोष्टीतले दोष माणसाला दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे तेव्हा निव्वळ विक्षिप्तपणाचं वाटायचं. पुढं आमच्या कंपनीत प्रत्येक साहेबाला स्वतःच्या वाणाचं कौतुक करताना ऐकलं, तेव्हा काकाजींच्या बोलण्यात तथ्य असावं अशी शंका यायला लागली.

कंपनी म्हणजे बियाण्याची. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या लहानमोठ्या पुष्कळ, त्यांत आमची मोठी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण भीती अजून पुरती सुटलेली नाही. मी तिथं विक्री विभागात होतो. गावोगावच्या दुकानदारांकडं जायचं, चहा प्यायचा, आमचं बियाणं पुढच्या फळीवर मांडलंय ना ते बघायचं आणि दुसऱ्यांचं कुठं मांडलंय तेही बघायचं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. जुन्या जालन्यात कापड गल्लीच्या मागं काकाजींचं दुमजली घर होतं. वर गच्चीला लागून एक खोली, तिथं मी. एकट्या माणसाला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. काकाजींनी मला एकच प्रश्न विचारला होता, ‘झाडाला हात लावायची सवय हाय का?’ मी नाही म्हणालो. ‘मंग राहा,’ म्हणाले.

गच्चीवर तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकात भेंडीचं झाड. बाकी काही नाही. तुळससुद्धा खाली अंगणात होती.

काकाजींचं घराणं राजस्थानातलं, पण जालन्यात तीन-चार पिढ्या मुरलेलं. घरात काकीजींशी मारवाडी, बाहेर आपली इकडची मराठी. कापडाचं दुकान जुनं आणि चालतं. थोरले दोघे भाऊ गादीवर बसायचे. काकाजींना गादीवर बसू देत नसत, कारण कापड मोजताना त्यांची चूक नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं व्हायची. म्हणून त्यांच्याकडं उरलेले तुकडे आणि चिंध्या आवरायचं काम आलं. त्या चिंध्या मागायला बाजूच्या खेड्यांतल्या बाया यायच्या. काकाजींनी एकदा विचारलं, कशाला लागतात? एका बाईनं बोटं पुढं केली. भेंडीच्या शेंगेवर आणि पानांवर बारीक काटेरी लव असते, ती दिवसभर तोडणाऱ्याच्या बोटांत शिरते, खाज सुटते, कातडी फुटते. म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या.

थोरल्या भावानं यावर विचार करून सांगितलं की चिंध्या मोफत द्याव्यात, म्हणजे बाया लुगडं घ्यायलाही इथंच येतील. काकाजींनी विचार करून ठरवलं की भेंडीच बदलावी. भाऊभाऊ एकाच आईच्या पोटचे असून डोकी किती वेगळी चालतात, याचं हे मला ठाऊक असलेलं उत्तम उदाहरण. पुढं वाटणी झाली तेव्हा काकाजींनी दुकानातला हिस्सा सोडला आणि घनसावंगीच्या बाजूला चार एकर घेतलं. सगळ्या बाजारपेठेनं कपाळावर हात मारला.

शेत घेतलं तरी तिथं जायला त्यांच्याकडं वाहन नव्हतं. काळीपिवळी जीपमध्ये मागं बसून जायचे. मांडीवर पितळी डबा, त्यात चिमटा आणि रंगीबेरंगी दोऱ्यांच्या रिळी. भेंडीचा संकर करायचा म्हणजे संध्याकाळी कळी उघडून तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग लावायचा. केलेलं फूल ओळखू यावं म्हणून देठाला दोरा. आमच्या कंपनीत हे काम करायला बायांची फौज होती. काकाजी एकटे. कळीतले पुंकेसर काढताना ते दर वेळी पुटपुटत माफी मागायचे. जैन माणूस, किडामुंगी वाचवून चालणारा, आणि धंदा फुलांचं पुरुषपण खुडण्याचा. हा पेच त्यांनी प्रत्येक कळीची वेगळी माफी मागून सोडवला होता. वेळ फार लागायचा.

दोरा बांधायची सवय त्यांच्या हाताला इतकी लागली होती की काही लक्षात ठेवायचं असलं की ते जवळच्या वस्तूला दोरा बांधत. माझ्या स्कूटरच्या हँडलला कधी पिवळा, कधी हिरवा दोरा असायचा. विचारलं तर बराच वेळ दोऱ्याकडं बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘काही तरी जरूरी होतं, बिलकुल जरूरी.’ मी तो दोरा सोडत नसे. न जाणो.

नवीन जात जमली का हे बघायची त्यांची रीत सोपी होती. शेंग घ्यायची आणि माणसाच्या गालावर घासायची. स्वतःच्या गालावर आता भरवसा राहिला नाही म्हणून ते दुसऱ्यांचे गाल वापरत. दूधवाला, पोस्टमन, मी, कोणी सुटलं नाही. त्यांच्या मुलीला बघायला औरंगाबादहून पाहुणे आले तेव्हा मुलाच्या वडिलांच्या उजव्या गालावर एक आणि डाव्या गालावर दुसरी शेंग घासून त्यांनी विचारलं, ‘कोन्ती खाजली?’ काकीजींनी पदरानं तोंड झाकलं. ते गृहस्थ कापूस दलाल होते, मालाची पारख करणारे. त्यांनी डोळे मिटून नीट विचार केला आणि म्हणाले, ‘उजवी.’ काकाजी म्हणाले, ‘बराबर.’ सोयरीक जमली.

शेवटी ती भेंडी झाली. खरोखर झाली. शेतावर कौसाबाई नावाची बाई तोडणीला यायची, दहा-बारा बायांची मुकादम. तिनं पहिल्या दिवशी सवयीनं चिंध्या बांधल्या. काकाजींनी त्या सोडायला लावल्या. दुपारपर्यंत तोडून झाल्यावर ती दोन्ही हात उलटेपालटे करून बघत बसली आणि म्हणाली, ‘काकाजी, हातच खाजून न्हाई राह्यले. मला वाटून राह्यलं आज काम केलंच न्हाई.’ हे वाक्य काकाजी पुढं मला किती वेळा सांगायचे त्याला हिशेब नाही. एवढा मोठा सन्मान त्यांना नंतर कोणी दिला नाही, आणि सन्मान तर पुढं खूपच झाले.

इथून आमच्या कंपनीचं काम सुरू होतं.

पहिल्या हंगामात काकाजींनी थोडंसं बियाणं विकलं. साध्या कागदाच्या पुड्या, दुकानातल्या दोऱ्यानं बांधलेल्या. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि हसत विचारलं, ‘तुमचे घरमालक तेलाच्या डब्यात भेंडी लावतात म्हणे?’ सगळे हसले. मीही हसलो. साहेब हसल्यावर विक्री विभागानं हसायचं असतं. दुसऱ्या हंगामात घनसावंगी बाजूच्या बायांनी मालकांना सांगायला सुरुवात केली की बिनखाजेची लावली तरच तोडणीला येतो. मग केबिनमध्ये कोणी हसलं नाही.

कंपनीनं त्यांचा सत्कार ठरवला. मला वाटलं साहेबांना उपरती झाली. मोठ्या मांडवात शेतकरी मेळावा घेतला, काकाजींना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं, शाल, श्रीफळ आणि ‘बीजमित्र’ अशी पदवी दिली. साहेबांनी भाषणात त्यांना वडीलधारे म्हटलं. वडीलधारं म्हटलं की माणूस स्पर्धेतून बाद होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या लोकांत वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, त्यांच्याकडून माल घेत नाहीत. मेळावा चालू होता त्याच दुपारी आमची माणसं तालुक्याच्या दुकानांतून फिरत होती. आमचं कापसाचं बियाणं सगळ्यांना हवं असायचं आणि ते मोजकंच मिळायचं. ते हवं असेल तर भेंडी फक्त आमची ठेवायची, एवढाच निरोप. या प्रकाराला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. त्यात कागद नसतो, सही नसते, चहा असतो. घनसावंगीच्या दोन दुकानांतला चहा मी प्यालो.

काकाजींच्या पुड्या आधी काउंटरखाली गेल्या, मग मागच्या खोलीत आणि मग परत घरी आल्या. मी गच्चीवर त्यांच्यासमोर उभा होतो. ‘दुकानदाराची काय चूक?’ ते म्हणाले. ‘त्याला कापूस इकायचा. मी त्याच्या जागी असतो तं मीबी असंच केलं असतं.’ पुड्या मोजता मोजता म्हणाले, ‘न्हाई, न्हाई केलं असतं. पन त्याला सांगू नका.’ मग ते पुड्या पिशवीत घालून स्वतः जीपनं खेडोपाडी निघाले. कौसाबाईच्या बाया त्या पुड्या बाजारात भाजीबरोबर विकायच्या. कंपनीच्या नकाशावर असं दुकानच नव्हतं, त्यामुळं त्याला बंद कसं करायचं ते कोणाला सुचेना.

मग साहेब स्वतः घरी आले. काकीजींनी कचोरी केली. साहेबांनी भेंडीचे सगळे हक्क विकत मागितले. रक्कम चांगली होती, वर ‘नाव तुमचंच राहील’ असंही म्हणाले. काकाजींनी रकमेबद्दल चकार शब्द काढला नाही.

‘बाजारात कधी आनाल?’ त्यांनी विचारलं.

‘योग्य वेळी,’ साहेब म्हणाले.

‘म्हंजे मृगाला का रोहिणीला?’

‘काकाजी, आमच्या गोदामात जुन्या जातीचा साठा आहे. तो संपायला हवा. मग बाजाराचा अंदाज, मग चाचण्या…’

‘तवर बायांनी काय करावं?’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाया कोण, हे त्यांना कळलं नव्हतं. काकाजी उठले, आत गेले आणि भेंडीची एक शेंग घेऊन आले. मी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या गालावर शेंग घासून त्यांनी विचारलं, ‘खाजून राह्यलं का?’ साहेब गोरेमोरे होऊन म्हणाले, ‘नाही.’ ‘मंग साठा कशाला खपवता?’ काकाजी म्हणाले आणि कचोरीचं ताट पुढं सरकवलं. सौदा झाला नाही.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला विनोद सुचत नाही. संकरित बियाण्याला आईबाप असतात. या भेंडीची आई साधी, कुठंही मिळणारी. बाप मात्र काकाजींनी स्वतः घडवलेला, आणि तो जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या खोलीच्या दारासमोर, तेलाच्या डब्यांत; तिथली फुलं ते पितळी डब्यातून शेतावर नेत. सौदा मोडल्यावर महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावलं. चोरी कर असं ते म्हणाले नाहीत. असले शब्द केबिनमध्ये वापरत नाहीत. ‘आपल्याला फक्त नमुना बघायचा आहे,’ म्हणाले. ‘तुम्ही तिथंच राहता.’ आणि मग माझ्या बढतीचा कागद बरेच दिवस टेबलावर पडून असल्याचं सांगितलं.

एका रविवारी सकाळी काकाजी जैन स्थानकात प्रवचनाला गेले असताना मी सात वाळलेल्या शेंगा काढल्या. बियाण्यासाठी राखलेल्या शेंगांना पांढरा दोरा बांधलेला असे. मला वाटलं दोऱ्यासकट शेंगा नेल्या तर त्यांना लगेच समजेल, म्हणून मी दोरे नीट सोडले आणि देठांना परत बांधले. भित्र्या माणसाची अक्कल ही अशी चालते. दुपारी काकाजी डब्यांपुढं वाकून एकेक देठ बघत होते.

‘वर खार आल्ती का?’ त्यांनी विचारलं.

‘आली असेल,’ मी म्हणालो.

‘मोठी शहानी खार हाय. शेंगा नेल्या अन् दोरा वापस बांधून गेली.’

मी खोलीत गेलो. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला बढती मिळाली.

त्या बिया कंपनीच्या फार्मवर लावल्या गेल्या आणि कंपनीच्या रजिस्टरात कंपनीचं वाण म्हणून चढल्या, तारखा मागं नेऊन. दीड वर्षानं जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. दाव्यात लिहिलं होतं की काकाजींनी आमच्या फार्मवरून आमच्या वाणाचा बाप पळवला. पुरावा म्हणून दोन्ही भेंड्या तपासून घ्या, तंतोतंत एक निघतील. निघाल्याच. एकाच बापाच्या होत्या. फक्त काकाजी आमच्या फार्मपर्यंत कधी पोचले, हे दाखवणं बाकी होतं. त्याची सोय काकाजींनी स्वतःच करून ठेवली होती.

जैनांमध्ये पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, वर्षभरात जाणता-अजाणता ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायची रीत आहे. काकाजींकडं त्याला खमतखामणा म्हणत. जालन्यात त्या दिवसांत छापील कार्डं घरोघर येतात. काकाजींना छापील कार्ड मान्य नव्हतं. काय केलं ते न सांगता माफी मागायची म्हणजे समोरच्याला कशाची माफी द्यायची ते कळणार कसं, असा त्यांचा सवाल होता. म्हणून ते प्रत्येकाला स्वतःच्या हातानं, गुन्ह्याचा तपशील देऊन पोस्टकार्ड लिहीत. मला एका वर्षी आलेलं कार्ड असं होतं: ‘तुमची स्कूटर सकाळी चालू झाली न्हाई की मला बरं वाटतं, कारण आवाज होत न्हाई. दुसऱ्याच्या अडचणीत सुख मानलं. क्षमा करावी.’ थोरल्या भावाला त्यांनी लिहिलं होतं की तुमचा गज आखूड आहे असं मी तीन जणांना सांगितलं, क्षमा असावी. त्यावरून भाऊ वर्षभर बोलत नव्हता. काकीजी म्हणायच्या, ‘लोकांचे झगडे गाळी दिल्यानं होतात, यांचे माफी मागितल्यानं होतात.’

तर चार वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक कार्ड कंपनीला लिहिलं होतं. पोस्टाचा खर्च वाचावा म्हणून माझ्याच हाती दिलं होतं, आणि मी ते नेऊन दिलं होतं. मजकूर असा: ‘घनसावंगीला जाताना जीप तुमच्या फार्मासमोर पंक्चर झाली. सगळे उतरले. मी कुंपणापाशी उभा राहून आत डोकावलो आणि तुमच्या भेंडीकडं वाईट नजरेनं पाहिलं. तुमचं पीक रोगानं जावं असंही मनात आलं. त्याबद्दल कंपनीची क्षमा मागतो.’ आवक विभागानं त्या माफीवर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि फायलीत लावली. आमच्याकडं कागद फेकत नसत.

कंपनीच्या वकीलसाहेबांनी तेच कार्ड कोर्टात कबुलीजबाब म्हणून दाखल केलं. मला बरेच दिवस वाटत होतं की बाहेरून आलेल्या या माणसाला इथली रीत ठाऊक नसेल. मग एकदा त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका सराफानं पाठवलेलं छापील क्षमापनेचं कार्ड दिसलं. त्यावर मोराचं चित्र होतं.

हस्ताक्षर काकाजींचंच आहे असं शपथपत्र कोणी द्यायचं, तर त्यांच्या भाडेकरूनं. मी सही केली. त्या शपथपत्रात एक अक्षरही खोटं नव्हतं. घरात राहतो हे खरं, हस्ताक्षर ओळखतो हे खरं, कार्ड मी स्वतः नेऊन दिलं हेही खरं. सात शेंगांबद्दल त्यात रकाना नव्हता.

तारखेला मी कंपनीच्या माणसांबरोबर बसलो होतो. आमच्या वकिलांनी पंक्चर झालेली जीप वगळून कार्ड वाचलं. काकाजींचे वकील उठून रीतीबद्दल बोलणार, तेवढ्यात न्यायाधीशांनीच काकाजींना विचारलं, ‘तुम्ही कुंपणाशी गेला होता?’

‘गेल्तो.’

‘आत पाहिलं?’

‘पाह्यलं.’

‘वाईट नजरेनं?’

‘जी. बिलकुल वाईट,’ काकाजी म्हणाले. त्यांच्या वकिलांनी फाईल कपाळाला लावली.

‘मग तिथून काय घेतलं?’

‘काहीच न्हाई घेतलं साहेब. घेन्यासारखं नव्हतं. त्यांची भेंडी लई खाजरी हाय.’

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मला वाटलं झालं, सुटले काकाजी. पण हसून झाल्यावर न्यायाधीशांनी कागद चाळले. दोन्ही वाणं एक असल्याचा अहवाल समोर होता, कुंपणाशी गेल्याची कबुली खुद्द आरोप असलेल्या माणसाच्या तोंडून आली होती. निकाल लागेपर्यंत त्या बियाण्याची विक्री अथवा वाटप करू नये, असा मनाई हुकूम निघाला. पुढची तारीख पडली ती पेरणी उलटून गेल्यावरची. वकीलसाहेबांनी बाहेर आल्यावर सगळ्यांना उसाचा रस पाजला. खटला जिंकायची आम्हाला गरजच नव्हती, तो चालू राहिला म्हणजे पुरे होतं.

जूनमध्ये कौसाबाई घरी आली. चपला बाहेर काढून पायरीवर बसली. ‘काकाजी, बी द्या जल्दी. जमीन तयार हाय.’

‘कोर्टानं मना केलं, बाई.’

‘कोर्ट येतं का भेंडी तोडाया?’

काकाजींच्या मागं कोठीत बियाण्याची पोती होती. तिला ती दारातून दिसत होती. एक पुडी दिली असती तर जालन्यात कोणाला पत्ता लागला नसता, आणि मी तर सांगितलं नसतंच, असं मला वाटतं. पण काकाजींनी हुकूम शब्दशः पाळला. ‘वाटप बी करू नका म्हनले,’ एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. कौसाबाई उठली. जाताना ती थोरल्या भावाच्या दुकानात थांबली आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन गेली. मी ते गच्चीवरून पाहिलं.

दुसरा हंगामही तसाच गेला. कोठीतलं बियाणं जुनं झालं, उगवेना. कंपनीनं रजिस्टरातलं ते वाण बाजारात कधीच आणलं नाही. आणायचं कारणच उरलं नव्हतं, आमची खाजरी भेंडी सगळीकडं जोरात खपत होती. साहेबांची बदली वरच्या जागेवर झाली. काकाजींनी गच्चीवरचे डबे हळूहळू रिकामे केले. त्यांत काकीजींनी कोथिंबीर पेरली.

त्या वर्षीच्या संवत्सरीला दुपारी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. उपासानं थकलेले होते. पोस्टकार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हात जोडून उभे राहिले. मी वाचलं: ‘गच्चीवरच्या सात शेंगा खारीनं नेल्या. मी मनातून तुमच्यावर संशय घेतला. कोर्टात तुम्हाला कंपनीच्या बाजूला बसलेलं पाहून तो वाढला. पण तुम्ही शपथेवर खरं तेच लिहिलं होतं. खरं लिहिणाऱ्या माणसाला तीन वर्षं मनात चोर म्हटलं. क्षमा करावी.’

ही गोष्ट मी ज्यांना सांगितली त्यांतले काही म्हणतात, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं टोमणा मारला. तसं असतं तर मी सुखानं झोपलो असतो. काकाजींना टोमणा मारता येत नव्हता. जे मनात, तेच कार्डावर.

मी कार्ड हातात धरून उभा होतो. खरं सांगायला चार शब्द पुरे होते, आणि ते कोर्टात त्यांच्या कामीही आले असते. नोकरी गेली असती, एवढंच. काकाजी हलेनात. ‘बोला की,’ म्हणाले. ‘माफ केलं का न्हाई?’

‘केलं,’ मी म्हणालो.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘बरं झालं,’ म्हणाले. ‘तीन साल लई जड गेलं मला.’